देव मानत नाही, मग नाताळ करू की नको?

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"ताई, मी देव मानत नाही, कुठलाच. नवरा जेमतेम मानतो. सासूबाई मात्र त्यांचा धर्म अगदी नेमाने पाळतात आणि आम्ही एकाच घरात राहतो. मुलगी सात वर्षांची. तिला यंदा घरात ख्रिसमस ट्री हवाय, सांता हवाय आणि मैत्रिणीकडे बघितलेली ती छोटी गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, तोपण हवाय. सासूबाई म्हणतात हे फॅड घरात आणलंत तर उद्या पोरगी आपलं सगळं सोडून तिकडची होईल. माझा दादा माझ्यासारखाच नास्तिक, तो म्हणतो ख्रिसमस मुळात ख्रिश्चनांचा नव्हेच, रोमन लोकांचा सूर्याचा सण यांनी ढापला, तू बिनधास्त कर. ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण कॅथलिक आहे, तिने चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, बोलावलंय, पण तीच मागे एकदा बोलता बोलता म्हणाली होती की तुम्हा लोकांना आमच्या सणातले फक्त लाइट्स आणि केक पाहिजेत. ते डोक्यातून जात नाहीये. मी जाऊ का? गेले तर गुडघे टेकायचे का? आणि मुळात मी हे करणं म्हणजे ढोंग आहे का? शिवाय यंदा ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीचं काम माझ्या गळ्यात आहे आणि एक सहकारी म्हणतोय मी यात नाही. त्याला कसं समजावू? – ना इकडची ना तिकडची"

*

अहो ना इकडच्या ना तिकडच्या बाई, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. झाड लावा, मिस्साला जा, गुडघे टेकू नका, गव्हाणीचा पुन्हा विचार करा, आणि त्या सहकाऱ्याला काहीही समजावू नका. आता का ते सांगते, त्याला जरा वेळ लागेल.

तुमचा गोंधळ झालाय कारण तुम्ही "ख्रिसमस करणं" हे एकच काम धरलंय, म्हणजे एकतर पूर्ण करायचं नाहीतर हात लावायचा नाही. पण त्यात निदान तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घर सजवणं, भेटी देणं, सुट्टी एन्जॉय करणं ही एक. मैत्रिणीच्या आनंदात सामील होणं ही दुसरी. तिच्या प्रार्थनेला हजर राहणं ही तिसरी. आणि देव माणूस होऊन जन्माला आला असं स्वतःच्या तोंडाने म्हणणं ही चौथी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठलाही माणूस कुणाला न फसवता करू शकतो, चौथी मात्र ज्याचा विश्वास आहे त्याचीच. ढोंग कुठे सुरू होतं म्हणाल तर तिथे, चौथीपाशी. त्याच्या अलीकडे नाही.

आता तुमच्या दादाकडे येऊ, कारण त्याचा मुद्दा इंटरनेटवर दर डिसेंबरात फिरतो आणि लोक तो मोठ्या शहाणपणाने फेकतात. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया नावाचा धमाल सण होता हे खरं, पण तो 17 डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबत लांबत 23 पर्यंत जायचा, 25 चा त्याच्याशी थेट संबंध नाही. ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये रोमला सूर्यदेवाचं मोठं देऊळ उभारलं हेही खरं. पण 25 डिसेंबर हा "अजिंक्य" सूर्याचा जन्मदिवस असल्याची जुनी नोंद जिथे सापडते ते म्हणजे 354 सालचं एक रोमन पंचांग, आणि गंमत अशी की ख्रिस्ताचा जन्म 25 डिसेंबरला असल्याची जुन्यातली जुनी नोंदसुद्धा त्याच बाडात आहे, ती यादी 336 च्या आसपासची मानतात. म्हणजे कोणी कोणाकडून घेतलं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. काही अभ्यासक तर वेगळंच म्हणतात, की सुरुवातीच्या ख्रिश्चनांमध्ये 25 मार्च ही तारीख फार महत्त्वाची मानायचे, त्याच दिवशी मरियेच्या पोटी येशू आला असं धरलं की बरोबर नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो, यात सूर्याचा काहीच हात नाही. बायबलमध्ये तर तारीखच नाही.

आणि समजा दादाचं शंभर टक्के खरं निघालं, तरी काय? दीड हजार वर्षांहून जास्त काळ लोक त्या दिवशी येशूचा जन्म म्हणून प्रार्थना करतायत, तुमची मैत्रीण रात्री बारा वाजता मिस्साला जाते ती काय ऑरेलियन बादशहासाठी जाते? सण कुठून आला यावरून तो आज कोणाचा आहे हे ठरत नाही. दुसऱ्याच्या घरी आनंदात जायचं आणि मनात "तुमचं मुळात चोरीचंच आहे" असं ठेवायचं, हे मला तरी पटत नाही. दादाला सांगा, मी तुझ्या कारणाने नाही करत, माझं कारण वेगळंय.

उलट दुसरा एक इतिहास आहे जो तुम्हाला जास्त कामाला येईल, कारण "हा सण फक्त ख्रिश्चनांचा, बाकीच्यांनी लांब राहा" असं जे कोणी म्हणेल त्याला हे माहीत असायला हवं की खुद्द ख्रिश्चनांमध्येच हा सण करावा की नाही यावर कडाक्याची भांडणं झालीयत. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये ख्रिसमस आणि ईस्टर दोन्ही सण रद्द केले होते! करणारे कोण, तर प्युरिटन, म्हणजे देवधर्माच्या बाबतीत सगळ्यात कडक लोक. त्यांचं म्हणणं, बायबलमध्ये हा सण सांगितलेलाच नाही आणि लोक नुसतं खातात पितात धिंगाणा करतात. लोक काय ऐकतात होय, त्या डिसेंबरात कँटरबरीमध्ये यावरून दंगल झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत 1659 पासून ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा 1681 ला मागे घेतला. स्कॉटलंडमध्ये ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी कधीपासून, तर 1958. आजही यहोवाज विटनेसेस नावाच्या पंथाचे लोक ख्रिसमस करत नाहीत, ईस्टरही नाही, वाढदिवससुद्धा नाहीत. त्यामुळे "लाइट्स आणि केक" ही तक्रार काही तुमच्या मैत्रिणीने शोधून काढलेली नाही, ती चारशे वर्षं जुनी आहे आणि ख्रिश्चनांनी ती आधी एकमेकांवरच केलेली आहे. (हे तिला तोंडावर सांगायला जाऊ नका मात्र. तिच्या बोलण्यात वेगळं काहीतरी होतं, त्याकडे येतेच.)

आधी झाडाचं उरकते. झाड ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. मूळ जर्मन प्रदेशातली प्रथा, सोळाव्या शतकापासून दिसते, मग 1848 ला इंग्लंडच्या एका चित्रमय साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी आणि तिचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र छापून आलं आणि बघता बघता घरोघरी झाड गेलं. बायबलशी त्याचा काही संबंध नाही. आणि ते धर्मापासून सहज सुटं करता येतं याचा पुरावाच आहे, सोव्हिएत सरकारने आधी ख्रिसमसचं झाड म्हणजे धार्मिक खूळ म्हणून हाकललं आणि मग 1935 च्या शेवटी तेच झाड "नववर्षाचं झाड" म्हणून परत आणलं, तोच तारा फक्त लाल. देव न मानणाऱ्या सरकारला चाललं, तर तुम्हाला चालायला काय हरकत आहे! जपानचं बघा, तिथे ख्रिश्चन लोक एक टक्क्याच्या आसपास, 25 डिसेंबरला सुट्टीसुद्धा नाही, तरी ख्रिसमस ईव्ह म्हणजे प्रेमी जोडप्यांची डेट नाइट आणि 1974 च्या एका जाहिरातीपासून त्या दिवशी केएफसीचं चिकन खायचं म्हणून आधीपासून ऑर्डरी लागतात. मला व्यक्तिशः हे जरा विनोदी वाटतं पण त्यात कोणी कोणाला फसवत नाहीये, तिकडे सगळ्यांनाच माहीत आहे की हा एक मजेचा दिवस आहे.

गव्हाणीचं तसं नाही. मुलीला ती बाहुल्यांच्या घरासारखी वाटत असणार, गाय आहे, मेंढ्या आहेत, बाळ आहे, कोणालाही आवडेल. पण ते बाळ म्हणजे ख्रिश्चनांसाठी देव आहे. 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावात संत फ्रान्सिसने पहिल्यांदा जिवंत बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला असं सांगतात, तेव्हा त्याचा हेतू शोभा नव्हता, देव किती गरीब होऊन आला हे लोकांनी डोळ्यांनी बघावं असा होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर 1989 ला पिट्सबर्गचा एक खटला आला होता, कोर्टाच्या इमारतीत जिन्यावर गव्हाणी मांडली होती आणि दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमस ट्रीशेजारी मेनोरा म्हणजे ज्यूंच्या हनुक्का सणाचा दीपवृक्ष. कोर्टाने गव्हाणी सरकारी जागेत नको म्हटलं, झाड आणि मेनोरा राहू दिले. सरकारचे नियम घराला लागू नाहीत हे कळतं मला, पण झाड आणि गव्हाणी यांच्यात फरक आहे हे न्यायाधीशांनाही दिसलं एवढंच सांगायचंय.

म्हणून माझं मत, झाड आणा, गव्हाणी विकत आणून शोकेसमध्ये ठेवू नका. मुलीला ती बघायचीच असेल तर मैत्रिणीच्या घरची किंवा चर्चमधली दाखवा आणि तिथे उभं राहून गोष्ट सांगा. गोष्ट मात्र नीट सांगा हं, अर्धवट नको. "ख्रिश्चन लोक असं मानतात की" एवढं सुरुवातीला म्हटलं की तुमचा प्रामाणिकपणाही राहतो आणि गोष्टही राहते. जनगणनेसाठी गावी निघालेलं जोडपं, बाई दिवस भरलेली, उतरायला जागा नाही, बाळ गुरांच्या गव्हाणीत, पहिली बातमी मेंढपाळांना, हे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. तारा बघत आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजाने बेथलेहेमच्या पोरांना मारायचा हुकूम काढणं आणि आईबापांनी बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला पळणं, हे मत्तयकडे. दोघांच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आपण त्या एकाच देखाव्यात कोंबतो. आणि ते ज्ञानी लोक तीन होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही, राजे होते असंही नाही, तीन भेटवस्तूंवरून लोकांनी तिघं धरले. सात वर्षांच्या पोरीला असल्या गोष्टी जाम आवडतात. आणि मला सांगा, राजाच्या भीतीने परक्या देशात पळालेल्या कुटुंबाची गोष्ट समजायला देव मानावा लागतो का?

सांताचं तुम्ही विचारलं नाहीत खरं पण ते येणारच आहे, तेव्हा पटकन. निकोलस नावाचा बिशप आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहरात चौथ्या शतकात होता असं मानतात, त्याचा सण 6 डिसेंबर, त्याच्यापासून फिरत फिरत हा लाल कपड्यातला आजोबा झाला. तुम्ही देव नाही म्हणून सांगता आणि सांता आहे म्हणून शपथा घेता, हे पोरगी मोठी झाल्यावर बरोबर पकडेल. खेळ म्हणून करा. ती सरळ विचारेल त्या दिवशी खोटं बोलू नका. बास.

आता मिस्सा. जाच तुम्ही. तिने बोलावलंय म्हणजे तिला तुम्ही तिथे हव्या आहात, लाइट्स-केकवाल्या असतात तर तिने केक खायला बोलावलं असतं, मिस्साला नाही. लग्नाला गेलेला पाहुणा हसतो, जेवतो, फोटोत उभा राहतो पण नवरदेवाच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसत नाही, एवढं लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात. सगळे उभे राहिले की उभ्या राहा, बसले की बसा. गुडघे टेकले की तुम्ही शांत बसून राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त मागच्या बाकावरच्या माणसाला जागा होईल असं जरा पुढे सरकून बसा. गाणी म्हणावीशी वाटली तर म्हणा, चालीत गाणं म्हणजे काही प्रतिज्ञा नव्हे. पण मध्ये एक विश्वासांगीकार येतो, सगळे मिळून म्हणतात, त्यात "मी विश्वास ठेवतो" अशी सरळसरळ कबुली आहे, आणि ख्रिसमसला देव माणूस झाला या ओळीला सगळे गुडघे टेकतात, इतर रविवारी तिथे फक्त मान झुकवतात. ते तुमचं नाही. तिथे गप्प राहा. आणि ख्रिस्तप्रसादाची रांग लागेल तेव्हा जागेवरच बसा. पाहुणचार म्हणून काहीतरी वाटतायत असं समजून कितीतरी लोक चांगल्या मनाने रांगेत जाऊन उभे राहतात, पण कॅथलिकांसाठी ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, इतर पंथांचे ख्रिश्चनसुद्धा सहसा तिथे ती घेत नाहीत. बऱ्याच चर्चमध्ये छातीवर हात आडवे घेऊन पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात, पण तुम्ही आशीर्वाद मानत नसाल तर त्याचीही गरज नाही. दानाची पिशवी फिरेल, टाकलं तर ठीक, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की मी बसून राहणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. नव्याण्णव टक्के तिला बरंच वाटेल.

तिच्या त्या वाक्याबद्दल. मला वाटतं तिला तुमच्या केक खाण्याचा राग नाहीये. एखाद्या ठिकाणी ख्रिश्चन बहुसंख्य असतात तेव्हा न मानणाऱ्यांवर सण लादला जातो, शाळेत गाणी, ऑफिसात सजावट, नको म्हणायची सोय नाही. आणि ख्रिश्चन थोडे असतात तिथे उलटं होतं, त्यांचा एक दिवस सगळे उचलतात, टोप्या घालतात, सेल्फी काढतात, आणि बाकी वर्षभर त्यांचं काय चाललंय याचा कोणाला पत्ता नसतो. चर्चवर दगड पडला की हेच टोपीवाले गप्प. तुमची मैत्रीण बहुधा हे म्हणत होती. त्यावर उपाय सण सोडणं हा नाही, बाकीच्या वर्षात लक्ष ठेवणं हा आहे.

म्हणजे काय, तर ईस्टर. तुम्ही पत्रात ईस्टरचं नावही काढलं नाहीत बघा, आणि ख्रिश्चन धर्माचा मध्य तिथे आहे, ख्रिसमसमध्ये नाही. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे नसतं तर बाकी काहीच नसतं असं ते मानतात. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होतो. त्या दिवशी तिच्या कपाळावर डाग दिसला तर "अगं काहीतरी लागलंय" म्हणून पुसायला जाऊ नका, तिथपासून सुरुवात करू. मग गुड फ्रायडे. त्या दिवशी "हॅपी गुड फ्रायडे" चे मेसेज जे फिरतात ना, फुलं आणि सूर्योदयवाले, ते कृपा करून पाठवू नका. तो येशूला क्रुसावर मारल्याचा दिवस आहे, कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्साच होत नाही, लोक उपास करतात. त्यापेक्षा "आज तुझी आठवण आली" एवढं लिहा, किंवा तिची शिफ्ट तुम्ही करा म्हणजे तिला दुपारी चर्चला जाता येईल. शुभेच्छा रविवारी द्या, ईस्टरला. हा रविवार दरवर्षी हलतो, 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही येतो, त्यामुळे तारीख बघावी लागते, आणि बघणं म्हणजेच लक्ष ठेवणं. ईस्टर तुम्ही घरी "साजरा" करू नका असं माझं मत, अंडी-ससे चालतील पोरीसाठी, पण त्या सणाच्या गाभ्याला तुमच्यासारख्या माणसाला हात घालण्यासारखं काही नाही, तिथे फक्त तिच्यासाठी आनंदी व्हायचं.

तारखेवरून आठवलं. सगळे ख्रिश्चन 25 डिसेंबरला ख्रिसमस करत नाहीत. रशिया, सर्बिया, इथिओपिया इकडचे ऑर्थोडॉक्स लोक जुन्या कॅलेंडरमुळे 7 जानेवारीला करतात, आर्मेनियन चर्चचा 6 जानेवारीला. युक्रेनने 2023 ला कायदा करून सुट्टी 25 डिसेंबरवर आणली. म्हणजे एखादा ख्रिश्चन ओळखीचा झाला की "तुमचा कधी असतो" असं विचारण्यात काही कमीपणा नाही, आणि तुम्ही करता का असं आधी विचारलं तर अजून बरं.

सासूबाईंचं काय करायचं? पहिली गोष्ट, त्यांना मागासलेल्या वगैरे म्हणू नका, मनातसुद्धा. दुसऱ्याच्या सणाला नकार देणारी माणसं नेहमी कोत्या मनाचीच असतात असं नाही. ज्यू लोकांचं उदाहरण घ्या, युरोपात कित्येक पिढ्या गुड फ्रायडे आणि ईस्टरचे दिवस त्यांच्यासाठी दारं लावून बसायचे होते. किशिनेव्हमध्ये (आजच्या मोल्डोव्हाची राजधानी) 1903 ला त्यांच्या वस्तीवर जो भयानक हल्ला झाला तो ईस्टरच्या रविवारी सुरू झाला. गुड फ्रायडेच्या कॅथलिक प्रार्थनेत ज्यूंना विश्वासघातकी ठरवणारा शब्द होता, तो पोप तेविसाव्या जॉनने 1959 ला काढला. आता अशा घरातली आजी म्हणाली मला तो सण घरात नको, तर तिला काय म्हणणार तुम्ही? मुसलमानांचं अजून वेगळं. ईसा म्हणजे येशू हा त्यांचा मानाचा पैगंबर, कुराणात त्याच्या जन्माची गोष्ट आहे, मरियमच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे आणि कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकटीच बाई. पण ईसा देवाचा पुत्र हे त्यांना मान्यच नाही, म्हणून शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर त्यांच्या विद्वानांत दोन्ही मतं सापडतात. आणि तिकडे लेबनॉनने 2010 पासून 25 मार्च, म्हणजे देवदूताने मरियेला बाळाची बातमी दिली तो दिवस, ख्रिश्चन-मुस्लिम दोघांची मिळून राष्ट्रीय सुट्टी केली. एकाच धर्मात एक माणूस लांब राहतो, दुसरा जवळ येतो, दोघांना कारणं आहेत.

सासूबाईंची भीती नातीची आहे. नात आपल्या हातातून जाईल ही. तेव्हा सांता आणि जिंगल बेलच्या गप्पा मारण्यापेक्षा त्यांना हे सांगा की तिला तुमचे सण तुम्ही शिकवा, मी आड येणार नाही. तुम्ही न मानणाऱ्या आहात, त्यामुळे त्यांना असंही वाटत असेल की हिला आमचं नको आणि परक्यांचं चालतं. ते लागतं माणसाला! खरं सांगा, त्यांच्या सणाला तुम्ही काय करता? तोंड वाकडं करून बसत असाल आणि ख्रिसमसला उत्साहाने दिवे लावत असाल तर मी पण सासूबाईंच्या बाजूने आहे. जो नियम मैत्रिणीच्या मिस्साला तोच त्यांच्या पूजा-प्रार्थनेला, हजर राहा, मदत करा, जे मानत नाही ते तोंडाने म्हणू नका. आणि झाड कुठे ठेवायचं ते त्यांना विचारून. घर त्यांचंही आहे. हॉलमध्ये नको म्हणाल्या तर मुलीच्या खोलीत लावा, त्यावरून महाभारत करण्याइतकं ते झाड मोठं नाही.

ढोंगाचा प्रश्न राहिला. रिचर्ड डॉकिन्स, देवाविरुद्ध आयुष्यभर लिहिणारा माणूस, स्वतःला कल्चरल ख्रिश्चन म्हणवतो, कॅरल गायला आवडतात असं उघड सांगतो, आणि नास्तिक मंडळी दर डिसेंबरात त्याचा दाखला देतात. पण त्याचा दाखला तुम्हाला पुरत नाही. तो त्याच वातावरणात वाढला, त्याच्यासाठी ते लहानपण आहे, देव गेला पण गाणी राहिली. तुमच्याकडे ते लहानपण नाही, तुम्ही बाहेरून येताय. त्याने बिघडत काहीच नाही, फक्त त्याचा सैलपणा तुम्हाला घेता येत नाही, पाहुण्याने जरा सांभाळूनच वागावं लागतं. तुम्ही मुलीला, मैत्रिणीला आणि सासूबाईंना एकच गोष्ट सांगत असाल की "मी हे मानत नाही, पण मला यात यायला आवडतं", तर मला यात ढोंग दिसत नाही. तिघींना तीन वेगळ्या गोष्टी सांगायला लागलात की मग पत्र लिहा परत.

आणि शेवटी तो ऑफिसमधला सहकारी. तुम्ही त्याला समजावणार म्हणजे नक्की काय समजावणार, की तुझ्या धर्माला हे चालतं? ते तो ठरवेल. कदाचित तो न मानणारा असेल, कदाचित फार मानणारा असेल, कदाचित ख्रिश्चनच असेल आणि त्याच्या पंथात ख्रिसमस करत नसतील, किंवा त्याला पार्ट्यांचाच कंटाळा असेल. कारण विचारूच नका. "एवढं काय त्यात, सगळेच करतात" हे वाक्य तर अजिबात नको, कारण नको म्हणणाऱ्याला नेमकं तेच ऐकावं लागतं, जन्मभर. सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्यांमध्ये न विचारता कोणाचंच नाव टाकू नका, ज्यांना खेळायचंय त्यांनी स्वतः येऊन नाव द्यावं असं ठेवा, म्हणजे नको असलेल्याला उठून नाही म्हणायची वेळ येत नाही. लाल टोप्या टेबलावर ठेवा, कोणाच्या डोक्यावर चढवू नका. वर्गणी काढणार असाल तर ऐच्छिक काढा आणि कोणी दिली कोणी नाही याची यादी ग्रुपवर टाकू नका. पार्टीच्या वेळेत ज्याला काम करायचंय त्याला करू द्या, आणि खाणं उरलं तर त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या आधी हवंय का ते विचारा.